डाउनलोड केलेला सेटअप उघडत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

जून-जुलैत ॲडमिशनचे दिवस सुरू झाले की माझ्या दुकानात रोज एखादा तरी लॅपटॉप एकाच तक्रारीने येतो: "दादा, सॉफ्टवेअर डाउनलोड केलं, डबल क्लिक केलं, पण इन्स्टॉलच होत नाही." तोवर त्या पोराने तीच फाईल चार वेळा उतरवलेली असते, अँटिव्हायरस बंद करून पाहिलेला असतो आणि कुणीतरी त्याला "विंडोज गेलंय, फॉरमॅट मारावं लागेल" असं ठासून सांगितलेलं असतं. या तक्रारीत फॉरमॅटची गरज जवळजवळ कधीच नसते. विंडोज ठणठणीत असतं, चुकलेली असते ती फाईल. त्यापायी पोरांचे पैसे आणि प्रोजेक्ट दोन्ही जातात, याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

इन्स्टॉलर न चालण्यामागे बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण निघतं. फाईल पूर्ण उतरलेलीच नाही, किंवा ती दुसऱ्याच ऑपरेटिंग सिस्टिमची आहे, किंवा सिस्टिम बरोबर आहे पण प्रोसेसर वेगळा आहे. तपासायचं याच क्रमाने. लोक नेमकं उलट करतात, सिस्टिमवर संशय घेतात आणि फाईलकडे पाहतच नाहीत.

आधी फाईलचं पूर्ण नाव दिसू द्या

विंडोज ओळखीच्या फाईलींचं शेपूट, म्हणजे एक्स्टेंशन, मुळातच लपवून ठेवतं. समोर नुसतं "सेटअप" दिसतं. ते ईएक्सई आहे, एमएसआय आहे की झिप, हे कळायला मार्गच नाही. विंडोज ११ मध्ये फाईल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत "शो" आणि त्यात "फाईल नेम एक्स्टेन्शन्स" वर खूण करा. विंडोज १० मध्ये व्ह्यू टॅबवरच तो चौकोन आहे. मी दुकानात आलेल्या प्रत्येक मशीनवर हे आधी चालू करतो. यात सुरक्षेचाही भाग आहे. "बिल डॉट पीडीएफ" या नावाची फाईल प्रत्यक्षात "बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई" असू शकते आणि शेपूट झाकलेलं असेल तर चांगला जाणता माणूसही फसतो.

आता शेपूट वाचा. ईएक्सई, एमएसआय, एमएसआयएक्स ही विंडोजची. डीएमजी आणि पीकेजी मॅकची. डेब, आरपीएम, ॲपइमेज लिनक्सची. एपीके अँड्रॉइडची. आयफोनसाठी आयपीए असते, पण ती फोनवर नुसती टिचकी मारून बसत नाही, तिथे ॲप स्टोअरमधूनच जावं लागतं. शेपटाच्या जागी "सीआरडाउनलोड" किंवा "पार्ट" दिसत असेल तर डाउनलोड अजून अर्धवट आहे. पहिलं क्रोमचं, दुसरं फायरफॉक्सचं. काही जण त्याचं नाव बदलून ईएक्सई करतात. नाव बदलल्याने उरलेले एमबी येत नाहीत.

फाईल आहे, पण ती इन्स्टॉलर नाहीच

गेल्या वर्षी एका शाळेतले सर लॅपटॉप घेऊन आले. प्रिंटरचा सेटअप, नाव बरोबर, शेपूट बरोबर. डबल क्लिक केलं की निळी पाटी: "धिस ॲप कान्ट रन ऑन युअर पीसी". सरांनी त्यावरून लॅपटॉप जुना झाला असा निष्कर्ष काढला होता आणि नवा घ्यायच्या तयारीत होते. मी फाईलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडली. साइज ४१ केबी. प्रिंटरचा सेटअप ४१ केबीचा कसा असेल? नोटपॅड उघडलं, ती फाईल ओढून त्यात टाकली. पहिल्याच ओळीत "डॉकटाइप एचटीएमएल", खाली "प्लीज लॉगिन". शाळेच्या वायफायचं लॉगिन संपलं होतं. डाउनलोड मॅनेजरने सेटअपऐवजी लॉगिनचं पान उतरवलं आणि त्याला इमानदारीत सेटअप डॉट ईएक्सई असं नाव दिलं. सरांच्याच मोबाइलच्या नेटवरून परत उतरवलं, सात मिनिटांत प्रिंटर चालू.

ही नोटपॅडची तपासणी सगळ्यांनी शिकून घ्यावी अशी आहे. फाईल काय आहे हे तिच्या नावावरून ठरत नाही, तिच्या पहिल्या काही अक्षरांवरून ठरतं. खऱ्या ईएक्सईची सुरुवात इंग्रजी "एमझेड" या दोन अक्षरांनी होते. मायक्रोसॉफ्टमध्ये डॉसवर काम केलेल्या मार्क झ्बिकोव्स्की यांची ती आद्याक्षरं, आजच्या विंडोज ११ च्या ईएक्सईतही तशीच आहेत. झिपची सुरुवात "पीके" ने होते, ही झिप फॉरमॅट तयार करणाऱ्या फिल कॅट्झ यांची. एपीके आणि एमएसआयएक्स आतून झिपच असल्यामुळे त्यांच्याही तोंडाशी "पीके" च दिसतं. डेबच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह आणि कोनी कंसात "आर्च" असतं. बाकी सगळी विचित्र चिन्हं दिसतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. फक्त दोन गोष्टी पाळा: पाहून झालं की सेव्ह न करता बंद करा, आणि शेकडो एमबीची फाईल नोटपॅडमध्ये उघडू नका, मशीन अडकून बसेल. तसंही वेबपान निघणारी फाईल लहानच असते.

अर्धवट उतरलेला सेटअप कधी कधी स्वतःच कबुली देतो. "इन्स्टॉलर इंटेग्रिटी चेक हॅज फेल्ड" किंवा "द सेटअप फाईल्स आर करप्टेड" असं आलं की दुसरं काही शोधू नका. फाईल तुटकी आहे, डिलीट करून परत उतरवा आणि शक्य तर दुसऱ्या नेटवरून उतरवा. वेबसाइटवर शा-२५६ नावाचा ६४ अक्षरांचा कोड दिलेला असेल तर तो तुमच्या फाईलच्या कोडशी जुळवून पाहा. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल ही कमांड आधीच असते, वेगळं काही घ्यावं लागत नाही.

दोन-तीन एमबीचा सेटअप दिसला म्हणून तो खोटाच असेल असंही नाही. काही कंपन्या छोटा ऑनलाइन इन्स्टॉलर देतात. तो चालू झाल्यावर बाकीचा माल नेटवरून ओढतो. आपल्याकडे नेट मध्येच जातं, मग तो ४० टक्क्यांवर लटकतो. अशा वेळी त्याच साइटवर "ऑफलाइन" किंवा "स्टँडअलोन इन्स्टॉलर" शोधा. तो मोठा असतो, पण एकदा पेनड्राइव्हवर घेतला की दहा मशीनवर चालतो.

झिपच्या आतूनच सेटअप चालवला

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही फार वारंवार येते. झिपवर डबल क्लिक केलं की विंडोज ती फोल्डरसारखी उघडून दाखवतं. त्यामुळे ती अजून बांधलेली गाठोडी आहे हे लक्षातच येत नाही. आतल्या सेटअपवर क्लिक केलं की विंडोज तेवढी एकच फाईल टेम्प फोल्डरमध्ये काढून चालवतं. शेजारच्या कॅब फाईली, डेटा फोल्डर, एमएसआय हे सगळं गाठोड्यातच राहतं. मग सेटअप म्हणतो अमुक फाईल सापडत नाही. विंडोज आधी विचारतंसुद्धा की हे ॲप्लिकेशन आतल्या इतर फाईलींवर अवलंबून असू शकतं, सगळं एक्स्ट्रॅक्ट करू का? पण आपण घाईत "रन" दाबतो. झिपवर राइट क्लिक, "एक्स्ट्रॅक्ट ऑल", आणि मग जो नवा फोल्डर होईल त्यातून सेटअप चालवा.

ईएक्सई आणि एमएसआय यांतला फरक

ईएक्सई हा साधा प्रोग्राम आहे. आत काय करायचं ते बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं, म्हणून प्रत्येक ईएक्सई सेटअपची खिडकी वेगळी. एमएसआय स्वतः काहीच करत नाही. तो एक छोटा डेटाबेस आहे: कोणती फाईल कुठे ठेवायची, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) काय लिहायचं, काढताना काय काढायचं याची यादी. ती यादी वाचून काम करतो विंडोजमधला विंडोज इन्स्टॉलर. त्यामुळे एमएसआय फसला की एक आकडा मिळतो, आणि तो आकडा म्हणजे अर्धं उत्तर असतं. लोक तो न वाचता खिडकी बंद करतात, तेव्हा जीव हळहळतो.

१६१८ म्हणजे दुसरं एखादं इन्स्टॉलेशन आधीच चालू आहे. बहुधा विंडोज अपडेट. थांबा, नाहीतर रीस्टार्ट करा. १६१९ म्हणजे पॅकेजपर्यंत पोचताच आलं नाही, फाईल हलवली गेलीय किंवा नेटवर्क ड्राइव्ह तुटलाय. १६२० म्हणजे फाईल सापडली, पण ती धड एमएसआय नाही. इथे पुन्हा वरची नोटपॅडची तपासणी करा. १६३३ म्हणजे हे पॅकेज तुमच्या प्रोसेसरसाठी नाही.

१६०३ सगळ्यात त्रासाचा, कारण तो "काहीतरी गंभीर बिघडलं" एवढंच सांगतो. मी करतो ते असं: फाईल पेनड्राइव्हवरून किंवा नेटवर्कवरून न चालवता सी ड्राइव्हवर साधा फोल्डर करून त्यात आणतो. त्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती आधीच बसलेली असेल तर ती काढतो आणि रीस्टार्ट करतो. तरीही तोच आकडा आला तर ज्या फोल्डरमध्ये ते बसणार आहे त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी टॅबवर "सिस्टिम" या नावापुढे फुल कंट्रोल आहे का ते पाहतो. विंडोज इन्स्टॉलर सिस्टिमच्या नावाने काम करतो. तुम्ही ॲडमिनिस्ट्रेटर असलात तरी त्याला परवानगी नसेल तर काम अडतं. एनक्रिप्ट केलेल्या फोल्डरमध्येही हाच आकडा येतो.

आणि "विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी" ही निळी खिडकी बिघाड नव्हे. ती स्मार्टस्क्रीन या विंडोजच्या पहारेकऱ्याची आहे, फाईल फारशी ओळखीची नाही एवढंच ती सांगते. फाईल मूळ कंपनीच्याच साइटवरून घेतली असेल याची खात्री असेल तरच "मोअर इन्फो" आणि "रन एनीवे". खात्री नसेल तर डिलीट करा, मनाला लावून घेऊ नका.

३२, ६४ आणि एआरएम

सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट. तिथे "सिस्टिम टाइप" वाचा, तुमचं विंडोज आणि प्रोसेसर कोणत्या प्रकारचे आहेत ते त्या ओळीत असतं. ३२ बिटचा प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर चालतो, उलट होत नाही. मात्र ड्रायव्हरला ही सवलत नाही, ६४ बिट विंडोजला ड्रायव्हर ६४ बिटचाच लागतो. फार जुनं सॉफ्टवेअर असेल, नव्वदच्या दशकातल्या सीडीवरचं, तर त्याचा सेटअपच १६ बिटचा असू शकतो. तो ६४ बिट विंडोजवर चालतच नाही, कितीही "कम्पॅटिबिलिटी मोड" लावा.

साइटवर एक्स८६ लिहिलं असेल तर ३२ बिट समजा, एक्स६४ म्हणजे ६४ बिट. "एएमडी६४" पाहून इंटेलवाले घाबरतात. दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच: "माझा इंटेलचा आहे, मग एएमडीची फाईल कशी चालेल?" चालते. ही ६४ बिटची पद्धत एएमडीने आधी आणली, म्हणून नाव त्यांचं राहिलं. इंटेलनेही नंतर तीच घेतली.

हल्ली स्नॅपड्रॅगन चिपचे विंडोज लॅपटॉप येतात. ही चिप एआरएम या वेगळ्याच जातीची असते, म्हणून त्यांच्यासाठी एआरएम६४ पाहा. तसा सेटअप नसेल तरी विंडोज ११ तिथे एक्स६४ चे प्रोग्राम अनुवाद करून चालवतं. ड्रायव्हर मात्र तसा चालत नाही. डिजिटल सहीच्या टोकनवर ज्यांचं रोजचं काम आहे त्यांनी असा लॅपटॉप घेण्याआधी टोकनच्या कंपनीकडे एआरएम ड्रायव्हर आहे का हे विचारून घ्यावं. घेतल्यावर कळलं तर इलाज राहत नाही.

मॅक

माझी भाची जर्मनीत शिकते. तिचा फोन आला: "मामा, ॲप इन्स्टॉल केलं, चाललं, आणि रीस्टार्ट केल्यावर गायब!" ॲप गायब झालं नव्हतं, ते कधी बसलंच नव्हतं. डीएमजी ही एक डिस्कची प्रतिमा आहे. उघडली की पेनड्राइव्ह लावल्यासारखी ती बाजूला दिसते. भाचीने त्या आतल्या चित्रावरच डबल क्लिक करून ॲप चालवलं होतं. रीस्टार्ट झालं, डिस्क निघाली, ॲपही तिच्याबरोबर गेलं. ॲपचं चित्र ॲप्लिकेशन्स फोल्डरवर ओढायचं, मग डिस्क इजेक्ट करायची. पीकेजी असेल तर ओढायची गरज नाही, तो विंडोजच्या सेटअपसारखा पायऱ्या विचारतो.

मॅकमध्येही चिप पाहा: सफरचंदाचा मेनू, "अबाउट धिस मॅक". २०२० च्या शेवटी ॲपलची स्वतःची एम१ चिप आली, तेव्हापासून इंटेल आणि ॲपल सिलिकॉन अशा दोन फाईली दिसतात. इंटेलची फाईल नव्या चिपवर मॅकमधला रोझेटा हा अनुवादक चालवतो. पण नुसत्या नव्या चिपसाठी बनवलेली फाईल जुन्या इंटेल मॅकवर चालत नाही. २०१९ च्या कॅटालिना या मॅकओएस आवृत्तीपासून ३२ बिटची ॲप्स मॅकने बंदच केली आहेत.

अनोळखी डेव्हलपरचं ॲप अडवलं गेलं तर पूर्वी राइट क्लिक करून "ओपन" केलं की चालायचं. २०२४ च्या सिक्वोया आवृत्तीपासून ती वाट बंद झाली. आता सिस्टिम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत खाली जाऊन "ओपन एनीवे" दाबावं लागतं. जुने व्हिडिओ पाहून लोक अजून राइट क्लिकच करत बसतात.

लिनक्स

कॉलेजच्या सीनियरने लॅपटॉपवर उबुंटू टाकून दिलेलं असतं आणि पोरगं त्यावर ईएक्सई उतरवतं. वाइन नावाचं सॉफ्टवेअर टाकून काही ईएक्सई चालतात, पण आधी त्या सॉफ्टवेअरची डेब मिळते का ते पाहावं. उबुंटू, मिंट, डेबियन यांना डेब लागते. सी-डॅकची बॉस लिनक्सही डेबियनवरच उभी आहे, तिलाही डेबच. फेडोरा आणि रेड हॅटला आरपीएम.

डीपीकेजी कमांडने डेब बसवली की "डिपेन्डन्सी प्रॉब्लेम्स" येतात, कारण डीपीकेजी फक्त समोरची फाईल बसवतं, तिला लागणारी बाकीची पॅकेजेस आणत नाही. त्याऐवजी एपीटी ही कमांड वापरा, ती बाकीची पॅकेजेसही आणते. एपीटी इन्स्टॉल लिहून पुढे फाईलचं नाव द्या, आणि नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ न विसरता द्या. ती नसेल तर एपीटी त्या नावाचं पॅकेज नेटवर शोधत बसतं आणि "सापडलं नाही" म्हणतं. आधीच घोळ झाला असेल तर एपीटीचा "फिक्स ब्रोकन" पर्याय वापरा.

"कुड नॉट गेट लॉक" आलं तर मागे आपोआप अपडेट चालू आहे. नेटवर लॉकची फाईल डिलीट करा असे सल्ले मिळतात, तसं करू नका. अपडेट अर्ध्यात तुटलं तर खरोखर सिस्टिम बिघडेल. दहा मिनिटं थांबा.

डेब बरोबर असूनही "अननोन कॉम्प्रेशन" म्हणून डेबियन ११ ने नाकारली, तर ती बहुधा उबुंटूसाठी बांधलेली आहे. उबुंटूने २१.१० पासून डेबच्या आत झेडस्टँडर्ड हे कॉम्प्रेशन घेतलं, डेबियन ११ च्या डीपीकेजीला ते उलगडता येत नाही. डेबियन १२ ला येतं. डेबियनसाठीची वेगळी फाईल शोधा.

ॲपइमेजला इन्स्टॉल नसतंच. प्रॉपर्टीजमध्ये परवानगीच्या जागी "एक्झिक्युट" ची खूण करा आणि चालवा. खूण टिकत नसेल तर फाईल पेनड्राइव्हवर आहे का पाहा. फॅट३२ वर अशी परवानगी साठवताच येत नाही, होम फोल्डरमध्ये आणा. "फ्यूज" (ॲपइमेज उघडायला लागणारा सिस्टिमचा भाग) हवं असं म्हटलं तर उबुंटू २२.०४ वर "लिबफ्यूज२" टाका, २४.०४ वर "लिबफ्यूज२टी६४". २२.०४ वर नुसतं "फ्यूज" नावाचं पॅकेज टाकू नका, ते फ्यूज३ काढून टाकतं आणि डेस्कटॉपच कोलमडू शकतो.

अँड्रॉइड, आणि इथे कृपया नीट वाचा

"प्रॉब्लेम पार्सिंग द पॅकेज" आलं तर एपीके अर्धवट आहे किंवा तुमच्या अँड्रॉइडपेक्षा नव्या आवृत्तीसाठी बनवलेली आहे. "ॲप नॉट इन्स्टॉल्ड" चं एक नेहमीचं कारण म्हणजे त्याच ॲपची प्ले स्टोअरची प्रत आधीच फोनमध्ये आहे आणि दोन्हींची डिजिटल सही जुळत नाही. आवृत्तीचं उलटही होतं: अँड्रॉइड १४ फार जुन्या आवृत्तीसाठी बांधलेली ॲप्स बसूच देत नाही. एक्सएपीके असेल तर ती अनेक एपीकेंचं गाठोडं आहे, ती थेट बसत नाही.

पण एपीके बसत नाही म्हणून जे माझ्याकडे फोन घेऊन येतात, त्यांना मी आधी विचारतो: ही आली कुठून? व्हॉट्सॲपवर आलेली "लग्नपत्रिका डॉट एपीके", "आरटीओ चलान डॉट एपीके" ही पत्रिका किंवा चलान नव्हे. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, तिला इन्स्टॉल करावं लागत नाही. अशा एपीके एसएमएस वाचायची परवानगी मागतात, बँकेचा ओटीपी परस्पर पुढे जातो आणि खातं रिकामं होतं. ओळखीच्या नंबरवरून आली तरी विश्वास ठेवू नका, त्या माणसाचा फोनही आधीच ताब्यात गेलेला असू शकतो. एक काका दुकानात आले होते, "पत्रिका उघडत नाही, जरा उघडून दे." बसली नव्हती हे त्यांचं नशीब.

चुकून बसवली असेल तर लगेच फोन एअरप्लेन मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं आणि कार्ड थांबवा, आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ॲप काढणं त्यानंतर. आणि सेटिंग्जमध्ये "इन्स्टॉल अननोन ॲप्स" उघडून व्हॉट्सॲप आणि क्रोमपुढची परवानगी आजच बंद करा, आईवडिलांच्या फोनवरही.

तरीही अडलं तर

मदत मागताना "चालत नाही" एवढंच लिहू नका. फाईलचं शेपटासकट पूर्ण नाव, साइज, कुठून उतरवली, सिस्टिम टाइपची ओळ, आणि पडद्यावर आलेला मेसेज शब्दशः किंवा त्याचा फोटो पाठवा. परवा एका मुलीने एवढं सगळं एकाच मेसेजमध्ये पाठवलं होतं. फाईलच्या नावात एआरएम६४ होतं आणि सिस्टिम टाइपमध्ये एक्स६४. तिला दुकानात यावंसुद्धा लागलं नाही.